अण्णांचा इफ

आई होती तोवर अण्णांशी फोनवर बोलायची मला कधी गरज पडली नाही. फोन आईच उचलायची, सगळं तीच सांगायची आणि शेवटी म्हणायची, "अण्णा इचारून राहिले, बरी हायेस का." मी म्हणायची, बरी आहे. आमचं बापलेकीचं बोलणं असं आईच्या तोंडून चालायचं. ती गेली, आणि ते मुखेडला, मी लातूरला, असे दोघं फोनच्या दोन टोकांना नुसते बसून राहायला लागलो. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवले." संपलं. फोन ठेवल्यावर मला आधी त्यांचा राग यायचा, मग माझा.

त्या वर्षी दुष्काळ होता. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती. मी एका क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होते. पाणी संपलं तशी वसतिगृहं रिकामी झाली, पोरंपोरी आपापल्या गावाला गेली आणि लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरवर मी जुन्या चादरी घातल्या. मालकानं मला कामावरून काढलं नाही, हे त्याचे उपकार. मशिनी अधूनमधून चालू करून बघायच्या, धूळ झटकायची आणि कुलूप लावून घरी यायचं. घर म्हणजे एक खोली. लग्न झालेलं नव्हतं. का नव्हतं ते इथं सांगण्याचं काही कारण नाही. खालच्या मजल्यावरचं कुटुंबही पाण्यापायी रेणापूरला सासुरवाडीला निघून गेलं, तेव्हा जिन्यावर पाय वाजला तर तो माझाच असायचा.

आईला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध आमच्यात करत नाहीत, आम्ही बौद्ध. वंदना झाली, चार माणसं जेवली आणि गेली. जाताना मी लॅबमधला एक मोडकळीला आलेला लॅपटॉप अण्णांना देऊन आले. त्यावर लायनक्स टाकलं होतं, कारण दुसरं काही त्याला पेलत नव्हतं. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं.

"ह्याला सांगितलेलं कळतं का?" अण्णांनी विचारलं.

"कळतं. पण नीट सांगितलं तरच ऐकतं."

"मंग तुझ्या आईवर गेलंय," ते म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा हसले.

अण्णांचं सगळं आयुष्य धर्माबादला एका आडत दुकानात मुनीम म्हणून गेलं. पावत्या लिहायच्या, बेरजा मारायच्या. निवृत्त होऊन मुखेडला आले तेव्हा बोटांना काम नव्हतं. त्या काळ्या पडद्यावर त्यांची बोटं चांगली रमली. मी त्यांना छोट्या छोट्या स्क्रिप्ट लिहायला शिकवलं. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरनं करायच्या कामांची ओळीनं लिहिलेली यादी. त्यात त्यांना सगळ्यात आवडला तो इफ. इफ म्हणजे जर. जर अमुक असेल, देन, तर तमुक कर. आणि झालं की इफची अक्षरं उलटी लिहून, म्हणजे 'फी' लिहून, ते बंद करायचं.

"एवढंच? हे तर मी जन्मभर करत आलो," अण्णा म्हणाले. "जर माल ओला, तर कट्टी लाव, वजन कापून घे. फी."

पण करत आलो म्हणणं वेगळं आणि कॉम्प्युटरला पटवणं वेगळं. रोज काही ना काही चुकायचं, आणि चुकलं की फोन यायचा. हेच मला पाहिजे होतं हे तेव्हा मी कबूल केलं नसतं.

"फाईल अचानक संपली म्हणून राहिलंय. अशी कशी अचानक संपल? मी समदी लिहिली."

"अण्णा, फी भरली का?"

"अरेच्चा. फी राहिलीच."

लातूरच्या क्लासवालीच्या बापानं फी विसरून कसं चालेल, असं मी म्हणायची आणि ते हसायचे. हा विनोद आम्ही इतका वापरला की तो झिजून गेला, तरी सोडला नाही. कधी 'देन' राहायचा. कधी चौकोनी कंसाला इफमधली अट चिकटायची आणि कॉम्प्युटर म्हणायचा, अशी आज्ञा मला सापडत नाही.

"कंसानंतर जागा सोडलीत का?"

"कशाला सोडू? कागद काय फुकट येतो?"

"इथं कागद कुठंय अण्णा? सोडा म्हणते ना!"

मी फोनवर ओरडायची. माझा आवाज त्या रिकाम्या इमारतीत चांगला घुमायचा. थोड्या वेळानं पलीकडून यायचं, "चाललं की गं माय!" आणि मला दिवसभराचं जेवण मिळाल्यासारखं वाटायचं.

माझ्या या फोनखेरीज अण्णांना बोलायला आणखी एकच माणूस होतं, कोपऱ्यावरच्या काकू. आमच्या गल्लीच्या तोंडालाच त्यांचं घर. आईची मैत्रीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याकडं गाडी चालवायला. आई गेल्यापासून रोज दुपारी त्या ताटलीखाली झाकून दोन भाकरी आणि काहीतरी कोरड्यास आणायच्या, अण्णांच्या उंबऱ्याबाहेर बसायच्या आणि त्यांचं जेवण होईस्तोवर बोलायच्या. बोलणं नव्या जिल्ह्याचं. आपला नांदेड जिल्हा फोडून नवा करणार, त्यात मुखेड जाणार की राहणार, यावर तेव्हा सगळा गाव भांडत होता. अण्णा म्हणायचे, नवा जिल्हा झाला की पाण्याची योजना येते, लातूर बघा. काकू म्हणायच्या, "लातूरलाच तर रेल्वेनं पाणी चाललंय, भावजी. जिल्हा कुठं बी जाऊ द्या, भाकर इथंच थापायची हाय." हे सगळं अण्णा मला फोनवर सांगायचे, काकूंचा आवाज काढून. मला बरं वाटायचं. बापाची दुपार तरी भरलेली आहे म्हणून मी निवांत असायची.

गल्लीत टँकर चार-पाच दिवसांनी यायचा. ज्याच्या दारी पाइप आधी लागेल त्याची टाकी, हंडे, घागरी, पोहऱ्यासकट सगळं भरायचं आणि शेवटच्या घराला तळाचा गाळ. म्हणून दर खेपेला पहिला नंबर बदलायचा असं ठरलं. आधी चिठ्ठ्या काढत. पण चिठ्ठी ज्यानं काढली त्याच्यावर संशय, ज्यानं लिहिली त्याच्यावर दुप्पट संशय. एकदा शिंपी आणि गिरणीवाले कॉलर धरेपर्यंत गेले. तेव्हा गल्लीनं अण्णांना गाठलं. मुनीम माणूस, हिशोबाला पक्का, आणि घर गल्लीच्या अगदी आत, म्हणजे कुणाच्या भिंतीला भिंत नाही.

अण्णांनी मला फोन केला आणि आम्ही दोघांनी मिळून एक स्क्रिप्ट लिहिली. मला आजवर केलेल्या कुठल्याच कामाचा एवढा आनंद झालेला नाही. गल्लीतली घरं कोपऱ्यापासून ओळीनं घ्यायची. एका फाइलीत आज कुणाची पाळी ते नाव, टँकर येऊन गेला की ते आपोआप पुढच्या घरावर सरकायचं. कॉम्प्युटरनं एकेक घर बघायचं. जर घर बरोबर पाळी, तर त्याचं नाव दाखवायचं आणि थांबायचं. टँकर आला की अण्णा लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसायचे, एक बटण दाबायचे आणि पडद्यावरचं नाव खणखणीत वाचायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "मशीन सांगल ते खरं. माझा हात मधी न्हाई." लोकांना ते फार पटलं. कॉम्प्युटर कुणाचा भाऊबंद नसतो.

पहिले काही टँकर सुरळीत गेले. आणि मग अण्णांचे फोन यायचे थांबले.

मी आधी म्हटलं, शिकले. चुकत नाहीत आता. शिकवणाऱ्याला आनंद व्हायला हवा. मला काही झाला नाही. मी फोन केला तर "जेवलात का" आणि "जेवलो" यावर गाडी परत येऊन थांबली. "स्क्रिप्ट बरी चालते का?" "चालून राहिली. एरर न्हाई." त्यांच्या लेखी एरर म्हणजे पडद्यावर काही तरी वाकडं इंग्रजी उमटणं. ते उमटलं नाही तर सगळं बरोबर. मी चादरी झटकत राहिले आणि मनातल्या मनात बापावर रुसून बसले. गरज सरो, वैद्य मरो, असंही मनात आलं.

एक दिवस दुपारी फोन वाजला, तो काकूंचा. त्यांनी याआधी मला कधीच फोन केला नव्हता.

"बाई, तुझ्या अण्णाला सांग," त्या म्हणाल्या, "माझं घर पहिलं लावू नको म्हणावं."

मला काही कळेना. मग हळूहळू बाहेर आलं. टँकर आला की पहिला नंबर काकूंचा. पुढच्या खेपेला पुन्हा काकूंचाच. आणि पुन्हा. अण्णा वाचतात, लोक एकमेकांकडं बघतात. शिंप्याची बायको नळाच्या कोरड्या तोटीपाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, कोपऱ्यावर पाणी मुरून राहिलंय बरं. भाकरीचं पाण्यानं फेडणं चाललंय. "म्या भाकरी बंद केल्या," काकू म्हणाल्या. "तिकडं पाऊल टाकत न्हाई. पोराच्या कानावर गेलं तर त्यो काय म्हणंल? या वयात हे ऐकायचं राहिलं होतं का?" आणि त्यांनी फोन ठेवला.

माझ्या मनात आधी आलं ते हे की, मग अण्णा दुपारी काय खातात?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. अहमदपूरला गाडी बदलली. गाडीत नव्या जिल्ह्याचीच चर्चा, आणि एक म्हातारबा सगळ्यांना सांगत होते की जिल्ह्याचं ठिकाण जिथं होईल तिथं आधी कलेक्टरच्या बंगल्याला पाणी येतं, मग बाकीच्यांना नवस बोलावा लागतो. लोक हसत होते. खिडकीबाहेर रान भाजून निघालेलं. मी मनात ती स्क्रिप्ट ओळीनं वाचत होते आणि मला कुठंच चूक सापडत नव्हती.

अण्णा ओट्यावर बसले होते. वाळलेले दिसले. घरात एका पातेल्यात गार झालेली खिचडी, तीही बहुधा आदल्या दिवसाची. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "एरर न्हाई आला. तू बघून घे. मी एका अक्षराचं इकडचं तिकडं केलं न्हाई."

मी लॅपटॉप उघडला. अक्षराचं इकडचं तिकडं झालं नव्हतंच. फक्त इफच्या अटीत मी घर आणि पाळी यांच्यामध्ये जे बरोबरचं चिन्ह घातलं होतं, त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा नाहीशी झाली होती. घर, बरोबर, पाळी, सगळं एकमेकांना चिकटलेलं.

ही चूक मोठी लबाड असते. कंसापाशी जागा सोडली नाही तर कॉम्प्युटर बोंबलतो. बरोबरच्या चिन्हापाशी सोडली नाही तर तो गप्प बसतो. त्याला ती तुलना वाटतच नाही. तीन गोष्टींचा मिळून एकच शब्द वाटतो, आणि शब्द आहे म्हणजे अट खरी आहे, असं तो धरून चालतो. मग पाळी कुणाचीही असो, जे घर पहिलं समोर येईल तेच खरं. आणि कोपऱ्यापासून मोजलं तर पहिलं घर काकूंचं.

"ही जागा कुणी काढली?"

"मी," अण्णा म्हणाले. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही. "तू फटी ठेवल्या होत्या. पावतीवर रक्कम लिहिताना पाचशे, बरोबर, शून्य शून्य, असं चिकटून लिहायचं असतं. मधी फट ठेवली की कुणी बी आकडा घुसडतंय. उभ्या नोकरीत एक फट ठेवली न्हाई मी. म्हणलं, पोरगी घाईत विसरली आसंल."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ भयंकर संताप आला. मी ओरडले. म्हणाले, हे दुकान नाही, ही पावती नाही, इथं कोण येणार आहे आकडा घुसडायला, आणि लागोपाठ एकाच घराचं नाव येतंय हे तुम्हाला दिसत नाही का, डोळे आहेत की बटणं? अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. फक्त म्हणाले, "मशीन सांगल ते खरं, असं मी लोकांना बोललो होतो. मंग मी हातानं बदलू कसं?"

मी दोन जागा सोडल्या. स्क्रिप्ट चालवली. गिरणीवाल्यांचं नाव आलं, जे यायला हवं होतं. कामाला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

टँकर त्याच दिवशी दुपारी आला. सगळी गल्ली हंडे घेऊन उभी. मी ओट्यावर चढले आणि सगळ्यांना सांगितलं, की यात अण्णांचा दोष नाही, काकूंचा तर नाहीच नाही. बरोबरच्या चिन्हाशेजारी मोकळी जागा राहिली नव्हती, म्हणून मशीन चुकत होती. लॅपटॉप फिरवून दाखवला. आता मोकळी जागा दाखवायची तरी कशी? लोक पडद्यावर डोळे रुतवून बघत होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं.

"म्हंजी जागा सोडली न्हाई, म्हणून कोपऱ्याला पाणी?" शिंप्याच्या बायकोनं विचारलं.

"हाव."

"लई शाणी मशीन हाय बाई."

सगळे हसले. मलाही हसावं लागलं. मग मी त्यांच्यासमोर जुनी स्क्रिप्ट आणि नवी स्क्रिप्ट, दोन्ही चालवून दाखवल्या. पाळीच्या फाइलीत कुणाचंही नाव लिहा म्हटलं. शिंप्यानं आपलं लिहायला लावलं, जुनीनं तरी काकूच सांगितल्या. गिरणीवाल्यांचं लिहिलं, तरी काकू. कुणी तरी नसलेल्या घराचं नाव लिहायला सांगितलं, तरी काकू. तेव्हा मात्र लोकांना पटलं. हसण्याचा आवाज बदलला. "आरं, ही तर येड्यावानी एकच नाव घेऊन राहिली," गिरणीवाले म्हणाले, आणि पाइप आपल्या दाराकडं ओढून नेला. शिंप्याची बायको अण्णांना म्हणाली, "राग धरू नका, मुनीमजी." अण्णा म्हणाले, "कशाचा राग."

मी जिंकल्याच्या तोऱ्यात कोपऱ्यावर गेले. काकूंचं दार ओढलेलं होतं. कडी वाजवली तेव्हा त्यांनी उघडलं. चूल पेटलेली होती. मी सगळं सांगितलं, आता कुणी काही बोलणार नाही, सगळ्यांसमोर सिद्ध झालं, उद्यापासून तुम्ही खुशाल भाकरी घेऊन या.

त्या परातीतलं पीठ मळत होत्या. मळतच राहिल्या.

"ऐकलं म्या हितूनच," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. लोकायचं तोंड बंद झालं." पिठाला पाण्याचा हात लावून म्हणाल्या, "पहिल्या येळी माझं नाव घेतलं ना तुझ्या अण्णानं, तवा मला लई बरं वाटलं व्हतं. हसू नको. एवढ्या वर्सात कुणी माझं नाव पहिलं घेतलं न्हाई, कशातच न्हाई. मला आपलं वाटलं, घेतलं आसंल इचार करून. आता समद्या गल्लीला कळलं, ती मशीनची चूक व्हती." त्यांनी गोळा उचलून थापायला घेतला. "न्हाई माय, आता मी यायची न्हाई तिकडं. कशाला?"

त्यांनी मला एक भाकरी देऊ केली, माझ्यासाठी म्हणून, आणि मी ती घेतली. अण्णांसाठी त्यांनी दिली नाही आणि मी मागितली नाही.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं, तुम्ही माझ्यासोबत लातूरला चला. ते म्हणाले, तिथं प्यायला पाणी न्हाई, अन् मला नेऊन काय करतीस. हे खरंच होतं. मी खिचडी फेकून ताजा भात टाकला. जेवायला बसलो. एका भाकरीचे दोन तुकडे केले. ती कुणाची हे मी सांगितलं नाही, पण एक घास घेतल्यावर अण्णा थांबले. त्यांना चव ओळखू आली होती.

इतका वेळ जी गोष्ट मला खटकत होती ती मी तेव्हा विचारली. आवाज चढवला नाही. म्हटलं, "अण्णा, तुम्ही मुनीम आहात. एकच नाव पुन्हा आल्यावर तुम्हाला कळलं नाही, हे मला खरं वाटत नाही."

"दुसऱ्या खेपंलाच कळलं व्हतं," ते म्हणाले.

"मग मला फोन का केला नाही? एवढ्या तेवढ्याला करायचात की."

अण्णांनी तो तुकडा ताटात खाली ठेवला.

"केला असता," ते म्हणाले, "तर तू दुरुस्त केलं असतंस."